कर्मवीर भाऊराव पाटील : नागरिक घडविणारा श्रावक

कृष्णा, कोयना आणि वारणा या नद्यांच्या खोऱ्यांनी गेल्या शतकात महाराष्ट्राला अनेक नररत्ने दिली. त्यांमध्ये पद्मभूषण डॉ. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे स्थान आगळे आहे. शेतकरी जैन कुटुंबात जन्मलेल्या या पुरुषाला स्वतःला मॅट्रिकपर्यंतही पोहोचता आले नाही. परंतु ज्यांच्या सात पिढ्यांनी शाळेचा उंबरठा ओलांडला नव्हता, अशा लाखो मुलामुलींसाठी त्याने ज्ञानाची कवाडे खुली केली. भाऊरावांचे स्मरण शिक्षणमहर्षी म्हणून नेहमीच केले जाते आणि ते उचितही आहे. तथापि, त्यांच्या चरित्राचा आणखी एक पैलू आहे व तो आजच्या काळात अधिक महत्त्वाचा आहे. लोकशाहीमध्ये नागरिकाचे कर्तव्य काय असते, हे त्यांनी राज्यघटना अस्तित्वात येण्याच्या कितीतरी आधी स्वतःच्या आचरणातून दाखवून दिले. आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या थोर श्रावकाच्या जीवनाकडे त्या दृष्टीने पाहणे औचित्याचे ठरेल.

जन्म आणि संस्कार

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी, आजोळी झाला. बाहुबलीच्या डोंगराच्या सान्निध्यात वसलेले हे गाव दक्षिण महाराष्ट्रातील जैन बांधवांना सुपरिचित आहे. वडील पायगोंडा पाटील आणि आई गंगाबाई हे धर्मपरायण दांपत्य. घराण्याचे मूळ गाव वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. त्या काळी हा सारा मुलूख सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यालाच सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना भाऊरावांवर सारखाच हक्क सांगता येतो.

वडील सरकारी नोकरीत असल्यामुळे बदलीच्या गावी बिऱ्हाड हलत असे. विटा येथे भाऊरावांचे काही शिक्षण झाले. लहानपणापासून शरीर धिप्पाड, वृत्ती बंडखोर आणि अन्यायाची चीड मोठी. बालपणीची एक हकिगत चरित्रकारांनी नोंदविली आहे. गावच्या विहिरीवर अस्पृश्यांना पाणी भरू देत नसत. तहानलेली माणसे सवर्णांच्या दयेची वाट पाहत तिष्ठत उभी राहत. हे दृश्य सहन न होऊन या मुलाने विहिरीचा रहाटच मोडून टाकला. पाणी मिळणार नसेल तर ते कोणालाच मिळू नये, असा तो बालबुद्धीचा न्याय होता. पुढे वय वाढले तशी मोडण्याची वृत्ती मागे पडली आणि तिची जागा उभारणीने घेतली; परंतु त्यामागील तळमळ मात्र अखेरपर्यंत तीच राहिली.

बोर्डिंगमधून बाहेर

माध्यमिक शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला आले. राजाराम हायस्कूलमध्ये त्यांचे नाव घातले गेले आणि राहण्याची सोय जैन बोर्डिंगमध्ये झाली. बोर्डिंगची सूत्रे त्या वेळी अण्णासाहेब लठ्ठे यांच्या हाती होती. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा, जे पुढे कोल्हापूर संस्थानचे दिवाण आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले, तेच हे विद्वान गृहस्थ. शिस्तीच्या बाबतीत ते अत्यंत कठोर होते.

१९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. राजर्षी शाहू छत्रपतींच्या प्रेरणेने होणाऱ्या त्या समारंभास भाऊराव उपस्थित राहिले. परत आल्यावर स्नान करूनच भोजनगृहात यावे, अशी सूचना त्यांना करण्यात आली. माणसांच्या सहवासाने विटाळ होतो हे मानण्यास भाऊराव तयार नव्हते. त्यांनी स्नान करण्यास नकार दिला व परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पुढे काही काळ शाहू महाराजांच्या छत्रछायेत त्यांचे वास्तव्य झाले. शालेय अभ्यासात त्यांची फारशी प्रगती झाली नाही आणि इंग्रजी सहावीच्या पुढे ते जाऊ शकले नाहीत. परंतु शाहू महाराजांचे कार्य जवळून पाहण्याचे आणि महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांचे जे शिक्षण त्यांना या काळात लाभले, ते कोणत्याही परीक्षेपेक्षा मोलाचे ठरले.

हा प्रसंग आपल्या समाजाने आजही विसरू नये असा आहे. बोर्डिंगची शिस्त मोडणाऱ्या या मुलाची भूमिका जैन तत्त्वज्ञानाशी विसंगत होती काय? जन्माने नव्हे तर कर्माने मनुष्य श्रेष्ठ ठरतो, अशी भगवान महावीरांची शिकवण आहे. तीर्थंकरांच्या समवसरणात प्राणिमात्राला प्रवेश आहे. काळाच्या ओघात आजूबाजूच्या रूढींचा प्रभाव आपल्याही संस्थांवर पडला होता आणि एका किशोरवयीन विद्यार्थ्याने त्यावर कृतीने बोट ठेवले.

खोटी साक्ष नाकारली

शिक्षण सुटल्यावर भाऊराव साताऱ्यास आले. मुलांच्या शिकवण्या घेत असल्यामुळे ते पाटील मास्तर म्हणून ओळखले जाऊ लागले. याच सुमारास, १९१० मध्ये, सांगलीजवळील दुधगाव येथे त्यांनी सहकाऱ्यांसमवेत विद्यार्थी आश्रम सुरू केला. घराघरांतून रोज मूठभर धान्य बाजूला काढून ते आश्रमास द्यावे, अशी मुष्टिफंडाची कल्पना तेथे राबविण्यात आली. दानासाठी श्रीमंत असण्याची आवश्यकता नसते, हा धडा दुधगावच्या गृहिणींनी घालून दिला.

त्यानंतर १९१४ साली त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण परीक्षेचा प्रसंग आला. कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातील पुतळ्यांना कोणीतरी डांबर फासले. प्रकरण अत्यंत गंभीर झाले. अण्णासाहेब लठ्ठे यांना त्यात गोवण्याचा प्रयत्न सुरू झाला आणि त्यासाठी त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. वास्तविक पाहता, लठ्ठे यांच्याविषयी भाऊरावांच्या मनात राग असता तर ते स्वाभाविक होते. त्यांच्याच कारकिर्दीत भाऊरावांना बोर्डिंगमधून बाहेर पडावे लागले होते. एक सही केली असती, दोन वाक्ये बोलली असती, तर जुना हिशेबही चुकता झाला असता आणि अधिकाऱ्यांची मर्जीही लाभली असती.

भाऊरावांनी नकार दिला. जे आपण पाहिले नाही, जे घडल्याचे आपणास ठाऊक नाही, ते शपथेवर सांगणार नाही, या भूमिकेवर ते ठाम राहिले. त्यांना अटक झाली, मारहाण झाली, जीव नकोसा व्हावा इतका छळ झाला. परंतु खोटी साक्ष त्यांनी दिली नाही. न्यायालयात खरे बोलणे हे नागरिकाचे अगदी प्राथमिक कर्तव्य. ते पार पाडण्यासाठी इतकी किंमत मोजावी लागली तरी ते ढळले नाहीत. कूटलेखक्रिया आणि मिथ्योपदेश हे सत्याणुव्रताचे अतिचार आपल्या शास्त्रांनी सांगितले आहेत. ते पाठ असणारे अनेक असतात. कोठडीत त्यांचे पालन करणारा विरळा.

नांगर विकता विकता

पोटापाण्यासाठी भाऊरावांनी किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे विक्रेते म्हणून काम पत्करले. किर्लोस्करवाडी येथे १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला होता. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी समजूत त्या काळी शेतकऱ्यांमध्ये होती. भाऊराव बांधावर जात, स्वतः नांगर धरीत आणि शेतकऱ्याला प्रत्यक्ष नांगरट करून दाखवीत. या भ्रमंतीत त्यांनी गावोगावचे दारिद्र्य आणि अज्ञान डोळ्यांनी पाहिले. सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे हे न समजता अंगठा उठविणारा शेतकरी त्यांना जागोजागी भेटला. जमीन नांगरण्याआधी मने नांगरावी लागतील, हे त्यांना उमगले.

याच काळातील एक घटना फार बोलकी आहे. अस्पृश्य म्हणून वर्गाबाहेर बसून शिकणारा ज्ञानदेव घोलप नावाचा मुलगा त्यांच्या पाहण्यात आला. भाऊरावांनी त्याला सोबत घेतले आणि कोल्हापूरच्या मिस क्लार्क वसतिगृहात त्याची सोय लावून दिली. वर्गाच्या दाराबाहेर बसणारा हाच मुलगा पुढे मुंबई इलाख्याच्या कायदेकौन्सिलात सभासद म्हणून जाऊन बसला. शिक्षणाने नुसती नोकरी मिळत नाही, तर माणूस राज्यकारभारात सहभागी होण्यास पात्र होतो, याचे याहून ठळक उदाहरण कोणते असेल?

पुढे सातारा येथील धनजीशा कूपर यांना त्यांनी नांगराचा कारखाना काढण्यास उद्युक्त केले आणि पाडळी येथील कारखान्याच्या उभारणीत स्वतः झटले. कारखान्याच्या उत्पन्नातून बहुजनांच्या शिक्षणाला साह्य व्हावे, ही त्यांची त्यामागील इच्छा होती. त्यावरून मतभेद झाले तेव्हा हातातोंडाशी आलेली सुबत्ता सोडून ते बाहेर पडले. व्यापारधंद्यातील माणसांना या त्यागाचे मोल विशेषत्वाने कळेल. धंदा बसत आलेला असताना, पुढची पन्नास वर्षे दिसत असताना, केवळ ध्येयासाठी गादीवरून उठून जाणे सोपे नसते.

कालेचे बीज

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. रयत हा शब्दच पुष्कळ सांगून जातो. राजाची प्रजा, जमीन कसणारा कुणबी, ज्याच्या नावावर सारे राज्य चालते पण ज्याला कोणी विचारीत नाही, ती रयत. त्याच १९१९ साली ब्रिटिश सरकारने नवा सुधारणा कायदा करून प्रांतिक कौन्सिलांसाठी निवडणुकांची व्याप्ती वाढविली. तथापि, मताचा अधिकार सारा व कर भरणाऱ्या थोड्या लोकांपुरताच होता. रयतेला मत नव्हते. परंतु एक ना एक दिवस तिच्या हाती सत्ता येणार, त्या दिवसासाठी तिला तयार केले पाहिजे, ही दृष्टी कालेच्या त्या लहानशा वसतिगृहामागे होती, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

१९२१ मध्ये वाळवा तालुक्यातील नेर्ले येथे वसतिगृह निघाले. १९२४ मध्ये संस्थेचे केंद्र साताऱ्यास आले. तेथील वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, रामोशी अशा सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत. एकाच चुलीवर स्वयंपाक होई आणि एकाच पंगतीत जेवण. ज्या मुलाला एका बोर्डिंगच्या पंगतीतून उठावे लागले होते, त्याने सर्वांची मिळून अशी ही पंगत मांडली. १९२७ मध्ये महात्मा गांधी साताऱ्यास आले, त्या वेळी त्यांच्या हस्ते या वसतिगृहास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले. जातिभेदाचा मागमूस नसलेले ते वसतिगृह पाहून गांधीजी संतुष्ट झाले आणि पुढे हरिजन सेवक संघामार्फत त्यांनी संस्थेस साह्यही मिळवून दिले.

लक्ष्मीबाईंचा त्याग

भाऊरावांच्या कार्याचे वर्णन त्यांच्या सहधर्मचारिणी सौभाग्यवती लक्ष्मीबाई यांच्या उल्लेखावाचून अपुरेच राहील. सोवळेओवळे कसोशीने पाळणाऱ्या जैन कुटुंबात त्या वाढल्या होत्या. पतीच्या घरी आल्यावर कोणत्याही जातीचे मूल स्वयंपाकघरात वावरू लागले, हे प्रारंभी त्यांना जड गेले असल्यास नवल नाही. परंतु त्यांनी त्या मुलांचे आईपण स्वीकारले. आजारी मुलांच्या उशाशी त्या बसल्या, त्यांचे कपडे शिवले, त्यांना न्हाऊमाखू घातले.

संस्थेचा संसार हातातोंडाची गाठ घालून चाले. एक एक करीत लक्ष्मीबाईंचे माहेरचे सोन्याचे दागिने मुलांच्या अन्नासाठी मोडले गेले. एके दिवशी भाऊराव गावी नव्हते आणि कोठीत धान्याचा दाणा उरला नव्हता. मुले उपाशी राहणार, हे पाहून या माउलीने गळ्यातील मंगळसूत्र काढून दिले व त्यावर धान्य आणवून मुलांना जेवू घातले. त्या काळातील स्त्रीच्या दृष्टीने मंगळसूत्र उतरविणे म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. १९३० साली लक्ष्मीबाईंचे निधन झाले. त्यांनी लावलेल्या वेलीचा मांडव त्यांना पाहता आला नाही. अपरिग्रह हे व्रत ग्रंथांतून पुष्कळांनी वाचले आहे. लक्ष्मीबाईंनी ते शेवटच्या मण्यापर्यंत पाळले.

कमवा आणि शिका

फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही आणि भिकेवर वाढलेला मनुष्य ताठ मानेने उभा राहत नाही, अशी भाऊरावांची धारणा होती. म्हणूनच स्वावलंबन हे त्यांच्या संस्थेचे ब्रीद झाले आणि वटवृक्ष हे बोधचिन्ह. विद्यार्थी पहाटे उठून शेतात राबत, माळरान फोडून लागवडीखाली आणीत, विहिरी खणत, दगड वाहून स्वतःच्या शाळेच्या भिंती उभारीत आणि मग वर्गात बसत. ज्याच्या घामाने शाळेची भिंत उभी राहिली, तो त्या भिंतीवर रेघोट्या ओढीत नाही. सार्वजनिक मालमत्ता ही आपलीच मालमत्ता आहे, हे शिक्षण त्या मुलांना पुस्तकाशिवाय मिळाले.

संस्थेचा विस्तार पायरीपायरीने होत गेला. खेडोपाडी शाळा काढायच्या तर शिक्षक हवेत, म्हणून १९३५ मध्ये साताऱ्यात अध्यापक विद्यालय सुरू झाले. पुढे १९४२ मध्ये स्त्री-शिक्षिकांसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालय निघाले. जेथे सरकारी शाळा पोहोचली नव्हती, अशा डोंगरकपारीतील वाड्यावस्त्यांवर व्हॉलंटरी शाळा सुरू झाल्या आणि त्यांची संख्या साडेपाचशेच्या वर गेली. मंदिरात, चावडीवर, झाडाखाली, जेथे जागा मिळेल तेथे या शाळा भरत. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल हे विनामूल्य निवासी विद्यालय सुरू झाले आणि १९४७ च्या जूनमध्ये, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले. या महाविद्यालयाला आपले नाव द्यावे, अशा अटीवर मोठी देणगी देऊ करणाऱ्या एका धनिकास भाऊरावांनी नम्रपणे पण निश्चयाने परत पाठविल्याची आख्यायिका साताऱ्यात आजही सांगितली जाते.

वसतिगृहात वाढलेली मुले पुढे किती उंचीवर गेली, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. भाऊरावांच्या छायेत शिकलेले पी. जी. पाटील हे विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले, परत येऊन संस्थेच्याच सेवेत रमले आणि पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

स्वराज्यातही निर्भीड

स्वातंत्र्य मिळाल्यावर अनेकांना वाटले की आता कर्तव्य संपले, आता हक्कांचा काळ आला. भाऊरावांना तसे वाटले नाही. १९४८ मध्ये महात्माजींच्या हत्येने देश हादरला. गांधीजींचे स्मारक म्हणून त्यांच्या नावाने १०१ माध्यमिक विद्यालये काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. पुतळा उभारणे तुलनेने सोपे होते. त्यांनी अवघड मार्ग निवडला.

त्याच काळात सरकारच्या धोरणावर त्यांनी परखड टीका केली आणि मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. हजारो मुलांचे व शेकडो शिक्षकांचे भवितव्य टांगणीला लागले. स्वतः खादी वापरणारा, गांधीजींना मानणारा हा मनुष्य आपल्याच लोकांच्या सरकारपुढे मिंधा होण्यास तयार नव्हता. शब्द मागे घ्यावेत तर मन मानत नव्हते. न घ्यावेत तर मुलांची उपासमार. हा पेच सोपा नव्हता. अशा वेळी गाडगे महाराजांसारखे संत पुढे आले, त्यांनी सरकारदरबारी रदबदली केली आणि अनुदान पूर्ववत झाले. १९५४ मध्ये कऱ्हाड येथे सुरू झालेल्या महाविद्यालयास सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव देण्यात आले.

लोकशाहीत सरकार आपले असते, म्हणूनच त्याची चूक दाखविणे हेही आपलेच काम असते. परक्या सत्तेपुढे खोटे न बोलणारा आणि स्वकीय सत्तेपुढे खरे बोलण्यास न कचरणारा नागरिक हा लोकशाहीचा खरा आधार होय. १९१४ चे भाऊराव आणि १९४८ चे भाऊराव एकच होते.

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली आणि १९५१-५२ मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. सतरा कोटींहून अधिक स्त्रीपुरुषांना मताचा अधिकार मिळाला, तेव्हा देशातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. मतदारांना वाचता येत नाही म्हणून चिन्हे वापरावी लागली, उमेदवारागणिक वेगळ्या मतपेट्या ठेवाव्या लागल्या. त्या वेळी सातारा आणि सांगली परिसरातील कित्येक खेड्यांत आपल्या मताचा अर्थ समजणारी तरुण पिढी तयार होती. तिच्यामागे तीस वर्षांची मेहनत होती.

१९५९ मध्ये भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण किताबाने गौरविले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डी. लिट. पदवी प्रदान केली. इंग्रजी सहावीच्या पुढे न गेलेल्या मास्तरांचा विद्यापीठाने केलेला हा सन्मान होता. ९ मे १९५९ रोजी पुणे येथे त्यांची प्राणज्योत मालवली. साताऱ्यात त्यांची समाधी आहे. त्यांच्या मागे शंभराहून अधिक माध्यमिक विद्यालये आणि तीन महाविद्यालये उभी होती. २०१९ मध्ये संस्थेने शताब्दी साजरी केली. आज तिच्या शाखांची संख्या सातशेच्या वर असून भाऊरावांच्या नावाने साताऱ्यात विद्यापीठही स्थापन झाले आहे.

श्रावकधर्म आणि नागरिकधर्म

१९७६ मध्ये बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ५१ अ हे कलम घालण्यात आले आणि नागरिकांची १० मूलभूत कर्तव्ये घटनेत आली. २००२ मध्ये शहाऐंशीव्या दुरुस्तीने ११ वे कर्तव्य जोडले गेले. सहा ते चौदा वर्षे वयाच्या आपल्या पाल्यास शिक्षणाची संधी देणे, हे ते कर्तव्य होय. जे १९१९ मध्ये एका नांगरविक्याने आपले व्रत मानले, त्याला घटनेत स्थान मिळण्यास ८३ वर्षे लागली. फरक एवढाच की घटना आपल्या पाल्याविषयी बोलते. भाऊरावांनी दुसऱ्याच्या पाल्यालाही आपले मानले.

श्रावकाच्या दृष्टीने ही कर्तव्ये नवी नाहीत. आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांमध्ये राज्याच्या नियमांचे उल्लंघन, वजनामापातील लबाडी आणि अस्सलमध्ये नक्कल मिसळून विकणे यांचा समावेश होतो. म्हणजे कर चुकविणारा, खोटे बिल फाडणारा, मापात गजभराला बोटभर मारणारा व्यापारी हा कायद्याचा गुन्हेगार तर ठरतोच, शिवाय तो व्रतभंगही करतो. सकाळी मंदिरात अभिषेक आणि दुपारी दुकानात दुसरी वही, अशी जीवनाची वाटणी आपल्या धर्माला मान्य नाही. अहिंसा पाळणाऱ्याने रस्त्यावर दुसऱ्याच्या जीवाला धोका होईल असे वाहन हाकू नये, अपरिग्रह मानणाऱ्याने सार्वजनिक जागा बळकावू नये, हे त्याच न्यायाने येते. सर्व जीव परस्परांच्या उपकारावर जगतात, हे जैन दर्शनाचे सूत्र समाजजीवनाला लावले की त्यालाच नागरिकत्व म्हणतात.

दानाच्या बाबतीतही भाऊरावांचे चरित्र आपणास विचार करावयास लावते. आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चार दानांची थोर परंपरा जैन समाजाने जपली आहे. धर्मशाळा, पाठशाळा, दवाखाने, पांजरपोळ यांची उभारणी आपल्या पूर्वजांनी केली. समाजबांधवांच्या मुलांसाठी बोर्डिंगे काढली, त्यातून पिढ्या घडल्या आणि ते कार्य आवश्यकच होते. परंतु दानाची कुंपणे आपल्या समाजाच्या वेशीवर संपावीत काय, हा प्रश्न भाऊरावांनी शंभर वर्षांपूर्वी उभा केला. २०१४ मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक समाजाचा दर्जा मिळाला. या दर्जाने काही हक्क दिले. त्यांचा लाभ जरूर घ्यावा. त्याचबरोबर, संख्येने अल्प असलेला समाज गावात मानाने राहतो तो गावाच्या उपयोगी पडल्यामुळे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या बाजारपेठेने आपणास भाकरी दिली, त्या पेठेतील हमालाचे, शिंप्याचे, हातगाडीवाल्याचे मूल शिकते की नाही, हे पाहणे हाही आपल्या हिशेबाचा भाग असला पाहिजे.

मतदानाच्या दिवशी दुकान बंद ठेवून परगावी यात्रेस जाणे सोयीचे असते. ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत बसणे वेळेचा अपव्यय वाटतो. साक्षीदार म्हणून न्यायालयाची पायरी चढणे नकोसे वाटते. अशा प्रत्येक वेळी, कोठडीत मार खाऊनही खोटी साक्ष न देणारा तरुण आणि गळ्यातील मंगळसूत्र उतरवून देणारी गृहिणी आपल्या डोळ्यांपुढे यावी. त्यांच्या मानाने आपणाकडून मागितले जाते ते फारच थोडे आहे.

भाऊरावांनी मंदिर बांधले नाही, पण सरस्वतीच्या शेकडो मंदिरांची पायाभरणी केली. त्यांनी प्रवचने दिली नाहीत, पण पंचाणुव्रतांचा अर्थ आचरणाने सांगितला. घोंगडी पांघरलेली, पांढऱ्या दाढीची ती भव्य मूर्ती आज आपल्यात नाही. तिने लावलेला वटवृक्ष मात्र सर्व जातिधर्मांच्या लेकरांना सावली देत उभा आहे. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आपल्या संस्थेच्या पुढील वाटचालीत समाजाबाहेरील एका तरी गरजू विद्यार्थ्याचे शिक्षण प्रत्येक कुटुंबाने आपले मानावे आणि नागरिक म्हणून आपल्या वाट्याचे कर्तव्य निष्ठेने पार पाडावे. कर्मवीरांच्या पावन स्मृतीस तीच खरी विनम्र आदरांजली ठरेल.

जय जिनेंद्र!